मोजणीचा आठवडा

४ फेब्रुवारी

अक्का,

हे पत्र लंबूच्या हाती दिलंय. त्यानं ते गाडीच्या खणात ठेवलं तर आज संध्याकाळीच तुला मिळेल. खिशात ठेवलं तर त्याचा शर्ट धुवायला पडेल तेव्हा. तुमच्या वरच्या गावात फोनला आवाज फुटत नाही तोवर आपली ही टपालगाडीच बरी. अठरा वर्षांत एकच पत्र हरवलं, आणि त्यात तुझ्या भावजयीनं माझ्या तक्रारी लिहिल्या होत्या. ते कसं हरवलं हे लंबूला विचारू नकोस.

आता कामाचं. आपल्या मार्गाचं कंत्राट मेअखेर संपतंय आणि पुढच्या पाच वर्षांचं टेंडर मार्चमध्ये निघतंय. तुला पद्धत अर्धवट माहीत आहे, पुरती सांगतो. शहरातून फाट्यापर्यंत गाडी कशीबशी भरते. फाट्यापासून तुमच्या गावापर्यंतचे अकरा किलोमीटर म्हणजे चढ, खडी आणि चार माणसं. तिकिटाच्या पैशात तिथं डिझेलसुद्धा निघत नाही. म्हणून सरकार किलोमीटरमागे अनुदान देतं. सीलबंद पाकिटात जो सगळ्यात कमी अनुदान मागेल, मार्ग त्याचा. मला आत्ता किलोमीटरला अठरा मिळतात. त्यात दोन गाड्या, लंबूचा पगार आणि माझं घर चालतं. शिल्लक म्हणशील तर माझं पोट तेवढं दिसतं.

या खेपेला नवीन टूम काढली आहे. टेंडरच्या आधी आठवडाभर माणसं मोजणार. सोमवारपासून एक मुलगी वही घेऊन गाडीत बसेल आणि कोण कुठं चढलं, कुठं उतरलं ते लिहील. टोपीवाला म्हणाला (पलीकडच्या खोऱ्यात ज्याच्या तीन गाड्या आहेत तो), ज्या गाडीत माणसं दिसतील तिलाच पैसा, रिकाम्या फिरतात त्या बंद. मलाही तेच पटलं. रिकाम्या गाडीवर कोण पैसा घालेल? तेव्हा शेजारणींना एवढंच सांग, की त्या आठवड्यात शहरात काही काम निघालं तर पुढे ढकलू नका.

शनिवारी वृद्धाश्रमात दाजींकडे गेलो होतो. मला इन्स्पेक्टर समजले आणि गाडीचे कागद दाखवतो म्हणून उशीखाली शोधायला लागले. सोळा वर्षं आपली थोरली गाडी चालवली त्यांनी, कधी एक दंड भरला नाही, आणि आता उशीखाली कागद शोधतात. मी तपासल्यासारखं केलं आणि सगळं बरोबर आहे म्हणालो. तेव्हा कुठं निजले.

तुझा,
धाकटा


६ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्र खणातूनच आलं. लंबूला चहा दिला. दोन कप प्यायला आणि तिसऱ्याची वाट बघत उभा राहिला, तेव्हा तो तुझ्याकडेच नोकरीला आहे याची खात्री पटली.

तू टेंडरचं लिहिलंस ते समजलं. मला त्यातलं एकच कळतं. ही गाडी आहे म्हणून मी सोमवार, बुधवार, शनिवार ह्यांच्यापर्यंत पोचते. सिस्टर सांगतात, मधल्या दिवशी ह्यांचं जेवण म्हणजे दोन चमचे आणि तोंड फिरवणं. वृद्धाश्रमाच्या वळणावर लंबू गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकतो तेव्हा थोरली खाकरते ना? ती खाकरली की हे खुर्चीतून उठतात, कॉलर नीट करतात आणि दाराकडे बघत बसतात. धाकटी गाडी आली तर उठत नाहीत. मी आत गेले की विचारतात, “गाडी वेळेवर आली का?” मी “आली” म्हटलं की मग पहिला घास घेतात. माझं नाव गेलं, लेकीचं गेलं, घर गेलं. वेळापत्रक तेवढं राहिलं.

म्हणून सोमवार-बुधवार-शनिवारी सकाळी थोरलीच पाठवत जा, इतकं माझं मागणं.

मोजणीची काळजी करू नकोस. आमच्या गावात माणसं एकसष्ट, त्यातली चार पाळण्यात आणि सहा खाटेवर. तरी बघू. तू गाड्यांकडे बघ, माणसांकडे मी बघते.

अक्का


१७ फेब्रुवारी

अक्का,

अगं, काय चमत्कार केलात? लंबू सांगतो, आठवडाभर गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी गर्दी तुमच्याच थांब्यावर. मोजणीवाल्या मुलीची एक वही संपली, तिनं दुसरी मागवली. तुमच्या गावाला एकदम इतकी कामं कुठून निघाली म्हणून मी लंबूला विचारलं, तर तो आरसा पुसायला लागला. अठरा वर्षांत त्यानं आरसा पुसलेला मी पाहिला नव्हता. मी पुढं विचारलं नाही. चांगलं चाललेलं असताना बॉनेट उघडू नये, हा माझा नियम आहे.

आता पाकिटाची तयारी. कचेरीसमोरच्या टपरीवर आम्ही सगळे छोटे गाडीवाले रोज जमतो. चहा दोघांत एक आणि थापा प्रत्येकी दोन. जो तो म्हणतो, यंदा मी भरतच नाही, परवडत नाही, मुलगा दुकान घालून देतो म्हणतोय. आणि मग कागदावर कोणता शिक्का लागतो ते हळूच विचारतो. मी जास्त बोलत नाही, ऐकतो. इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं सांगता येतं, तसं माणसाचंही. ज्याचा आकडा ठरला आहे तो चहात साखर जास्त घालतो.

साठ गाड्यांची एक कंपनीही चौकशी करून गेली म्हणतात. त्यांच्या माणसानं टपरीवर चहा घेतला नाही, गाडीतल्या गाडीत बाटलीतलं पाणी प्यायला. अशा माणसाचं काहीच ऐकू येत नाही.

टोपीवाल्याचा आणि माझा मात्र जुना रिवाज आहे. तो माझ्या मार्गावर पाकीट भरत नाही, मी त्याच्या नाही. परवा परत हात मिळवला. मी चौदा मागणार आहे. चार कमी, पण नवे टायर पुढल्या वर्षावर ढकलले की जमतं. हा आकडा तुला आणि तुझ्या भावजयीला सोडून कुणाला माहीत नाही. आणि भावजयीला मी सोळा सांगितलाय.

धाकटा


२४ फेब्रुवारी

धाकट्या,

माझ्या शिवणयंत्राचा पट्टा तुटलाय. लंबूबरोबर नवा पाठव, जाड बघून पाठव. हल्ली शिवण फार आलंय. तेवीस नग पडलेत. झबली, शर्ट, उशांचे अभ्रे, एकीला तर पडदेसुद्धा हवेत. मे उजाडेल संपेपर्यंत.

ती मोजणीवाली मुलगी चांगली आहे. चढावर तिला मळमळायचं, तरी लिहिणं सोडलं नाही. मी तिला लवंग दिली. बुधवारी तिनं विचारलं, आजी, तुम्ही सकाळी गेलात, दुपारी आलात, आता परत निघालात? मी म्हटलं, छत्री विसरले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आकडा लिहून टाकला. का कोण जाणे, मला तेव्हापासून बरं वाटत नाही.

चौदा कमी पडत असेल तर टायर पुढे ढकलू नकोस, वरची एखादी फेरी कमी कर, मीच कमी येईन. पण कमी कशी येऊ, तेही कळत नाही.

अक्का


२१ मार्च

अक्का,

पट्टा पाठवलाय. जाड बघूनच घेतला.

शिवण फार आलंय असं तू लिहिलंस तेव्हा मला आनंद झाला होता. अक्काचं चांगलं चाललंय म्हणून मी टपरीवर सांगितलंसुद्धा. आता मला ते तेवीस नग कुठून आले ते कळतंय, असं वाटतंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय.

काल टेंडरचा कागद बाहेर लागला. आपल्या मार्गापुढे लिहिलंय, अनुदानाची मर्यादा किलोमीटरला सहा. त्याच्या वर मागाल तर पाकीट उघडणारसुद्धा नाहीत. मला वाटलं छपाईची चूक असेल, सोळाचे सहा झाले असतील. आत गेलो. साहेबानं तक्ता माझ्याकडे फिरवला. फेरीमागे सरासरी तीसच्या वर माणसं असली की मार्ग सक्षम ठरतो आणि सक्षम मार्गाला सहाच्या वर नाही. आपली सरासरी एकोणचाळीस. तुमच्या एकट्या थांब्यावर आठवड्यात तीनशे अठ्ठेचाळीस माणसं चढली. साहेब मनापासून म्हणाला, “अभिनंदन. तुमचा मार्ग स्वतःच्या पायावर उभा आहे.”

म्हणजे टोपीवाल्यानं सांगितलं आणि मला पटलं ते बरोबर उलटं होतं. रिकाम्या गाडीला अनुदान आणि भरलेल्या गाडीला हात जोडून नमस्कार.

मोजणी खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. प्रत्येकाचं तिकीट माझ्या गाडीत, माझ्या मशीनवर फाडलंय. खोटी म्हणालो तर बनावट प्रवासी दाखवल्याबद्दल माझंच नाव काळ्या यादीत जाईल, आणि पाच वर्षं कुठलंच पाकीट भरता येणार नाही. आणि खरी म्हणालो तर सहा.

खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. रागावलोच तर पत्रात दिसणार नाही, अक्षर माझं आधीच तसं आहे.

धाकटा


२३ मार्च

धाकट्या,

तुला वाटतंय तेच.

तुझं पत्र आलं त्या रात्री मी हिशेब केला. खरंच शहरात काम असणारी माणसं निघाली सात. सात माणसांसाठी गाडी कोण ठेवील, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी घरोघर गेले. त्या आठवड्यात रोज गाडीत बसा, फाट्यापर्यंत जा, झाडाखाली बसा आणि परतीच्या गाडीनं या. तिकीट मी काढते, वर तुमचं एक शिवण फुकट. लोकांनी नाही म्हटलं नाही. अरे, मजा केली त्यांनी. बायकांनी फाट्यावर डबे नेले. खाटेवरच्या म्हाताऱ्याला मुलानं पाठुंगळी घेऊन चढवलं. तो चार वर्षांनी फाटा बघत होता, रडायलाच लागला. लंबूला मी शपथ घातली होती, त्याला बोल लावू नकोस. मी स्वतः बारा वेळा चढले.

मी उभ्या जन्मात एवढं एकच खोटं केलं, आणि सरकारनं नेमकं तेवढंच खरं धरलं.

मी कचेरीला पत्र लिहिलंय. ही सगळी करणी माझी, भावाला यातलं काही माहीत नव्हतं, माणसं पुन्हा मोजा, असं. खाली सही केली आणि अंगठाही उठवला, कारण सहीवर विश्वास बसेल न बसेल. तू आडवा येऊ नकोस. पत्र लंबूबरोबर पाठवत नाही, नाहीतर तू ते तुझ्या भावजयीच्या पत्रासारखं हरवशील. दुधाच्या टेम्पोवाल्याकडे दिलंय.

तू काय ते बोल. मला बोलल्याशिवाय राहू नकोस, तुझं पोट दुखेल.

अक्का


२ मे

अक्का,

इतके दिवस लिहिलं नाही. काय बोलायचं ते ठरत नव्हतं, आणि शेवटी काही बोलायचं नाही असं ठरलं. शेजारणींना सांग असं मीच लिहिलं होतं. तू सांगितलंस. मी तुझ्या जागी असतो तर शेजारच्या गावातलीही माणसं आणली असती.

तुझ्या पत्राला कचेरीनं उत्तर दिलं आहे, प्रत मलाही आली. मोजणीवरच्या हरकती घेण्याची मुदत पंधरा मार्चला संपली, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. निकाल लागला वीस मार्चला, हरकतीची मुदत संपली पंधराला. मी ते उत्तर तीनदा वाचलं. चूक कुठेच नाही. काळी यादी तेवढी टळली, कारण मुदतीनंतर आलेलं पत्र ते वाचतच नाहीत.

परवा पाकिटं उघडली. लांब खोली, पंखा एक, आणि आम्ही भिंतीला लागून उभे. मी पाच मागितले होते. तुला कळवलं नव्हतं. थोरली विकून एकट्या धाकटीवर, लंबूला सोडून, मी स्वतः चालवली असती तर तीन वर्षं ओढली असती. मग दुसरं पाकीट उघडलं. साडेचार. नाव वाचलं ते टोपीवाल्याचं.

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिसरं पाकीट त्या कंपनीचं, तीन. तीनमध्ये गाडीची काच पुसून होत नाही. पण त्यांना साठ गाड्यांमध्ये एक तोटा कुठंही लपवता येतो, आम्हाला लपवायला जागा नाही. साहेबानं सही केली आणि पंखा बंद केला.

बाहेर टोपीवाला टपरीवर बसला होता. मी गेलो. टोपी काढून मांडीवर ठेवली होती, पहिल्यांदाच त्याचं टक्कल पाहिलं. म्हणाला, त्यानं मोजणीला सगळी सासुरवाडी आणली होती. दोन ट्रॅक्टर भरून. त्याच्याही तिन्ही मार्गांना सहा लागले. स्वतःचं गेलं म्हणून माझ्यात हात घातला, आणि तेही हुकलं. “तू मला दोन शब्द बोल,” म्हणाला. मी दुकानदाराला म्हटलं, एकात दोन कर. चहात त्यानं साखर घातलीच नाही.

एकतीस मेला संध्याकाळी आपली शेवटची फेरी. लंबू म्हणतो, वृद्धाश्रमाच्या वळणावर हॉर्न वाजवू का? मी नको म्हटलं.

धाकटा


१२ ऑगस्ट

धाकट्या,

हे पत्र पोस्टानं येतंय, तेव्हा तुला मिळेल तेव्हा यातलं निम्मं शिळं असेल.

जूनभर कंपनीची गाडी आली. मोठी, थंड, काचा काळ्या. आत बसलं की आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. जुलैत तिच्या जागी एक व्हॅन आली. मग चालकानं थांब्यावर कागद चिकटवला. फाट्याच्या वर प्रवासी नसल्यामुळे आता मागणीनुसार फेरी. म्हणजे ज्याला जायचंय त्यानं आदल्या दिवशी चारच्या आत फोन करायचा, मग व्हॅन वर येईल. खाली नंबर दिलाय. नंबर मोठ्या अक्षरात आहे, मला चष्म्याशिवाय वाचता येतो. पण फोन करायला फाट्यापर्यंत जायला लागतं, आणि फाट्यापर्यंत जायला व्हॅन लागते.

दुधाच्या टेम्पोत जागा असली तर आठवड्यातून एकदा जाते, कॅन धरून. गेल्या तीन आठवड्यांत जागा झाली नाही. तू धाकटी घेऊन मला न्यायला आलास तेव्हाचं मला अजून आठवतं, आणि तू परत येऊ नकोस. फाट्यावरच्या त्या तपासणीवाल्याला तू बहीण आहे म्हणालास, तर तो म्हणाला, विनापरवाना गाडीत सगळ्यांच्या बहिणीच बसलेल्या असतात. आठ दिवस धाकटी त्यांच्या आवारात उभी राहिली ती माझ्यापायी. तुझ्या मोटरसायकलवर बसायला माझी कंबर तयार नाही.

तुमच्या दोन खोल्यांत पाच माणसं, सहावी मी कुठं मावू, हे तर आहेच. पण ते खरं कारण नाही. इथल्या माणसांची गाडी मी घालवली. कुणी मला एक शब्द बोलत नाही, उलट दारात भाजी ठेवून जातात. त्यांना टाकून मी शहरात कशी येऊ? तेवीसपैकी सोळा नग झाले. निदान ते पुरे करते.

हे जेवतात का, तेवढं कळव.

अक्का


२९ ऑगस्ट

अक्का,

तुझं पत्र काल पोचलं. जेवतात का, असं विचारलंस. खोटं लिहिणार होतो, पण आपल्या घरात त्याचा गुण येत नाही.

नाही जेवत. सिस्टरनं वजनाचा कागद दाखवला. मी भरवून पाहिलं. ते माझ्याकडे तिकीट न काढलेल्या माणसाकडे बघावं तसे बघतात.

मग मला एक सुचलं. थोरली दारातच उभी आहे. रिकामी गाडी आपल्या मालकानं रस्त्यावरून न्यायला कुणाची ना नाही. सोमवारी कारखान्याची पाळी बदलून घेतली (धाकटी आता कामगार ने-आण करते, मी चालवतो), थोरली काढली आणि बरोबर साडेदहाला वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकली. खाकरली, जशी अठरा वर्षं खाकरते तशी. गाडी कोपऱ्यावर लावली आणि धावत वर गेलो.

दाजी उभे होते. कॉलर नीट केलेली. डोळ्यांत काय उजेड होता, अक्का. मी म्हटलं जमलं. ताट पुढे केलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि दाराकडे बघत राहिले. मी म्हटलं, गाडी वेळेवर आली, दाजी. त्यांनी ऐकलंसुद्धा नाही. बारा वाजेपर्यंत उभे होते. सिस्टरनं खांदे धरून बसवलं, तर परत उठले. गाडी आली आणि तू उतरली नाहीस, एवढंच त्यांना कळलं. मी नुसता गेलो असतो तर निदान दोन चमचे गेले असते.

तू माणसं चढवलीस आणि मी गाडी नेली. दोघांनी चांगलंच केलं.

थोरलीला गिऱ्हाईक आलं होतं, एक बांधकामवाला, मजुरांसाठी. मी तेव्हापर्यंत टाळत होतो. परवा दिली. त्याला म्हटलं, दुसरा गिअर जरा हळू टाक. तो म्हणाला, गिअरबॉक्सच बदलणार आहे. पैसे घेतले.

तू ये. सहावं माणूस दाराजवळ झोपेल, नाहीतर मी झोपीन. नगांचं राहू दे.

धाकटा


१४ ऑक्टोबर

धाकट्या,

तेविसावा नग सोमवारी संपला. पडदेवालीचा. तिनं लावून दाखवले, अर्धी वीत आखूड झालेत, पण तिनं मला सांगितलं नाही आणि मी दिसलं असं दाखवलं नाही.

काल सकाळी ती मोजणीवाली मुलगी परत आली. कचेरीची जीप खाली उभी केली आणि वही घेऊन आमच्या थांब्यावर उभी राहिली. कंपनीनं अर्ज केलाय म्हणे, वरचे अकरा किलोमीटर मार्गातून कायमचे काढून टाका. म्हणून पुन्हा मोजणी. तीन दिवस. पहिले दोन दिवस ती फाट्यावरच बसली, काल तिसरा होता. मी तिच्यासाठी स्टूल नेलं. तिनं ओळखलं, म्हणाली, “आजी, छत्री सापडली का?” म्हणजे तिला तेव्हाही कळलं होतं.

मी वहीत बघितलं. तिन्ही दिवसांपुढे शून्य. मी म्हटलं, अगं, गाडीच नाही तर चढणार कशात? ती म्हणाली, तेही तिला माहीत आहे, पण फॉर्ममध्ये चढलेली माणसं लिहायला रकाना आहे, न आलेली गाडी लिहायला नाही. समासात लिहिलं तर वरचे साहेब खोडतात. मग तिनं वही मिटली आणि पायातल्या बुटांकडे बघत बसली. वयानं आपल्या लेकीएवढी असेल. मला तिच्यावर रागावता आलं नाही. फेब्रुवारीत आमच्याकडे फार माणसं होती म्हणून गाडी गेली, आणि आता कुणीच नाही म्हणून रस्ता जातोय.

निघताना मी तिला शहरापर्यंत नेशील का विचारलं. ती म्हणाली, जीपमध्ये बाहेरचं माणूस बसवायला परवानगी नाही. जीप सुरू केली, दहा पावलं गेली आणि थांबली. मी तशीच घरच्या कपड्यांत बसले. चढावर आता मळमळत नाही म्हणाली. उतारावर मात्र ती रडत होती, मी बाहेर बघत राहिले.

वृद्धाश्रमात पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. हे पलंगावर होते. फार वाळलेत रे, तू लिहिलं होतंस त्यापेक्षा. कॉलर नव्हतीच, आश्रमाचा गळ्याशी गोल सदरा होता. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि हात गळ्यापाशी नेऊन तिथं नसलेली कॉलर नीट केली.

परतीला दुधाचा टेम्पो मिळाला, म्हणून तुझ्याकडे न येताच वर आले. पुढच्या सोमवारी त्याच टेम्पोनं येतेय, यंत्र आणि एक पेटी घेऊन. दाराजवळ मी झोपेन, तू नाही. पत्र पोचायच्या आधी मीच पोचले तर हे वाचू नकोस.

ह्यांनी विचारलं, “गाडी वेळेवर आली का?”

मी म्हटलं, आली.

चार घास खाल्ले.

अक्का